दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटात तारामती कोणी साकारली? ती बाई होती की पुरुष?

पुरुष. अण्णा साळुंके, ग्रँट रोडजवळच्या एका खाणावळीत कामाला असलेला तरुण. फाळक्यांनी नटीसाठी जाहिराती दिल्या, कलावंतिणींनाही विचारून पाहिलं, पण १९१३ च्या आधी सिनेमात तोंड दाखवायला कुणी धजावेना. प्रेक्षकांना मात्र त्याचं काही वाटलं नाही, कारण संगीत नाटकात बालगंधर्वांना शालूत बघायची सवय होतीच! आज उपलब्ध असलेल्या रिळांत तारामती आणि सख्यांचा हौदातला प्रसंग आहे. ओल्या साड्यांतले ते सगळे पुरुषच. याच साळुंक्यांनी पुढे ‘लंका दहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघांचंही काम केलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे, त्यामुळे यूट्यूबवरची तारामती १९१३ चीच असं छातीठोकपणे सांगू नका. आणि ‘फाळक्यांकडे बायकाच नव्हत्या’ हेही चूक. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी.