आधी पत्रा, मग इंजिन

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी दहा वर्षं दारात उभी आहे. घरीच रिस्टोअर करायची इच्छा आहे. सुरुवात इंजिनपासूनच करावी ना? साधारण खर्च किती येईल आणि वेळ किती लागेल?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातला तो ‘ना’ वाचला आणि आमचा दादा डोळ्यांसमोर उभा राहिला. नाही. इंजिनपासून करू नका. इंजिन हे लोखंडाचं आहे, ते वीस वर्षं तुमची वाट बघेल. पत्रा बघत नाही.

आमची गाडी १९६९ची फियाट ११०० डिलाइट. तुमची पद्मिनी म्हणजे तिचीच नाव बदललेली धाकटी बहीण. कुर्ल्याचा तोच कारखाना, १०८९ सीसीचं तेच इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तोच गिअर. त्यामुळे आमचं दुखणं तुम्हाला जसंच्या तसं लागू आहे. वडिलांनी ती १९८१ साली इस्लामपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. आंबा घाटात इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप तापला की गाडी गप्प व्हायची. मग आई थर्मासमधल्या पाण्यात फडकं भिजवून पंपावर टाकायची आणि आम्ही दरीकडे बघत बसायचो. १९९८ला वडिलांची नजर कमी झाली आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली. २००३ला वडील गेले.

दादा पुण्यात असतो. २००५ला तो आठ दिवस रजा काढून आला आणि मला न विचारता गाडी टो करून एका गॅरेजात नेली. इंजिन उतरवलं, सिलिंडरना बोअर मारलं (आतून कातून घेतले), पिस्टन बदलले, क्रँक ग्राइंड केली, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, फेस मारून ते सपाट केलं. ३८ हजार रुपये. २००५चे. वर रंगाचा एक हात. गाडी चालू झाली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती, हे मी नाकारत नाही. दादा बॉनेट उघडून एअर क्लीनरवर पाण्याने भरलेला पेला ठेवून दाखवत होता, पाणी हलत नाही म्हणून. मी खाली वाकून दाराखालची ती लांब पोकळ पेटी बोटाने दाबून बघितली. आवाज ठण्ण यायला पाहिजे, तो थप्प आला. मी म्हटलं, “दादा, खालचा पत्रा बघायला पाहिजे.” तो म्हणाला, “तू इंजिन बघ आधी, कसं वाजतंय.”

२००७च्या फेब्रुवारीत आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला निघालो. शिरोळच्या अलीकडे मागचं डावं चाक पंक्चर. दादाने दाराखाली जॅक लावला आणि फिरवायला लागला. जॅक वर चाललाय, गाडी मात्र आहे तिथंच. आधी वाटलं जॅक मातीत रुततोय. मग कर्र करून आवाज आला आणि मागच्या दारात पायाखालचं रबरी मॅटिंग टेकाडासारखं फुगलं. जॅक पेटी फोडून थेट गाडीच्या आत शिरला होता.

दादाने तो खाली घेतला तसं त्या भोकातून काय काय गळायला लागलं. आधी लांबीचे, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचे, पापुद्रे, बोटभर जाडीचे. मग गंजाचा भुगा, चहापत्तीसारखा. आणि शेवटी वर्तमानपत्र. कुणीतरी डेंटरने कुजलेल्या पेटीत कागदाचे बोळे कोंबून वरून लांबी थापली होती आणि रंग मारला होता. एक बोळा मी उलगडून पाहिला. मे १९८९. सिनेमांच्या जाहिराती, वेळांसकट. म्हणजे वडिलांच्या हातात असल्यापासूनच ही गाडी अठरा वर्षं कागदावर उभी होती, आणि आम्ही पाच-सहा जण त्यात बसून घाट उतरत होतो.

आई मैलाच्या दगडावर नैवेद्याचा डबा मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही दोघे भाऊ रस्त्यात भांडलो. तो म्हणाला, हे आधी का सांगितलं नाहीस. मी म्हटलं, सांगितलं होतं. तो म्हणाला, सांगितलं होतंस तर ठासून का नाही सांगितलंस. ते भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून हे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

ही गाडी ट्रकसारखी वेगळ्या चासीवर बसवलेली नाही. बॉडी हीच चासी. फ्लोअर, दाराखालच्या दोन पेट्या आणि मधले खांब यांनीच सगळं वजन पेललेलं असतं. त्या पेट्या गेल्या तर तुमचं नवंकोरं इंजिन कुजलेल्या टोपलीत ठेवलेल्या नारळासारखं आहे. बघायचं कसं? पेचकस घ्या. दाराखाली, चारही चाकांच्या कमानीत, डिकीत स्टेपनीच्या खाली, मागचे स्प्रिंगचे पाटे जिथं बॉडीला धरलेत तिथं, आणि बॅटरीच्या ट्रेखाली जोर लावून टोचा. रंगाकडे बघू नका, रंग खोटं बोलतो. चुंबक घेऊन फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी आहे.

आता माझी गोष्ट. मी साखर कारखान्यात स्टोअरला आहे. गळीत हंगाम चालू असताना घरचं तोंड दिसत नाही, त्यामुळे गाडीला मिळतात एप्रिल आणि मे. जूनला कोल्हापूरचा पाऊस. उघडा पत्रा रात्रीत लाल होतो. मे महिन्यात घासून पांढरा केलेला भाग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्राइमर) न मारता सोडला तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात. म्हणजे वर्षातले जेमतेम साठ दिवस. वेळ किती लागेल विचारलंत ना, मला १२ वर्षं लागली. तुम्ही पावसाकडच्या गावात नसाल आणि दर रविवार मोकळा असेल तर तीन-चार वर्षांत होईल. पण दर रविवार मोकळा असलेला गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही.

२००७च्या मे महिन्यात मी उत्साहात सगळी गाडी उघडली. सगळी. दारं, काचा, सीट, वायरिंग, डॅशबोर्ड, दादाचं ते ३८ हजारांचं इंजिनसुद्धा बाहेर. नट-बोल्ट फराळाच्या डब्यांत, वर कागदाच्या चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या. २०१६ला जोडायला घेतलं तेव्हा नऊ डबे होते आणि कुठला बोल्ट कुठला हे सांगणारं कोणी नव्हतं. हे करू नका. एका वेळी एक कोपरा उघडा, तो पुरा करा, मग दुसरा. फोटो काढा, आता तर फोन खिशातच असतो.

दुसरी चूक जास्त महाग पडली. डाव्या बाजूची पेटी मी स्वतः ग्राइंडरने कापली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक म्हातारा डेंटर, आम्ही त्याला चाचा म्हणतो, संध्याकाळी वेल्डिंगला येणार होता. येऊन त्याने बघितलं आणि पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. म्हणाला, “अँगल कुठं हाय?” दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरके वेल्ड करून मगच पेटी कापायची असते, नाहीतर गाडी कमरेत बसते. आमची बसली होती. मागचं दार लावून बघितलं तर वर अंगठा जाईल एवढी फट आणि खाली दार घासतंय. चाचाने खाली दोन जॅक, वर दोरी बांधून ओळंबा आणि उरलेल्या बाजूच्या दाराची मापं, एवढ्यावर ती सरळ केली. एक मिलिमीटर वर घ्यायची, रात्रभर ठेवायची. दोन उन्हाळे त्यात गेले. पेटीला त्याने १८ गेजचा, जास्त जाड, सीआर (कोल्ड-रोल्ड) पत्रा वापरला आणि बाकी बॉडीला २०चा. मी पैसे वाचवायला गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणला होता, तो त्याने गल्लीत फेकला. वेल्डिंगला जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडही धड बसत नाही.

दर दसऱ्याला आई त्या सांगाड्याला झेंडूची माळ घालायची. चाकं नाहीत, काचा नाहीत, चार लाकडी ठोकळ्यांवर बसलेला लाल पत्रा आणि त्याला माळ. इंजिन टायरवर ठेवलेलं होतं, त्यालाही हळदकुंकू. शेजारचे हसायचे. दादा दिवाळीला आला की शेडमध्ये जाऊन एक चक्कर मारायचा आणि बाहेर येऊन एकच वाक्य, “एवढ्यात नवीन गाडी आली असती.” आली असती. आणि तीही आतापर्यंत भंगारात गेली असती.

इंजिनाचं काय झालं? जाम झालं. शेडच्या पत्र्याला भोक होतं, थेंब बरोबर कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात. रिंगा सिलिंडरला चिकटल्या. प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल ओतून पंधरा दिवस ठेवलं, फिरलं नाही. शेवटी पुन्हा उघडून पुन्हा बोअर. हेड ॲल्युमिनियमचं असतं. वर्षानुवर्षं बोअरवेलचं खारं पाणी घातल्यामुळे त्याच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या गेल्या होत्या, त्या आर्गन वेल्डिंगने भरून परत फेस मारला. म्हणजे दादाचे ३८ हजार पाण्यात. मी म्हणतो, आधी पत्रा केला असता तर इंजिन बाहेर काढावंच लागलं नसतं. तो म्हणतो, तू बाहेर काढलंस म्हणून गेलं. लोकांनी काय ते ठरवावं.

तुमच्या गाडीलाही एकदम स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल, आठ दिवस थांबा, मग पान्याने हाताने फिरवा. फिरलं तर नशीबवान आहात. टाकीतलं जुनं पेट्रोल फेका, त्याचं व्हार्निश झालेलं असतं. आणि रबराचे सगळे पाइप, पंपाचा पडदा नवीन घाला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. आमच्याच कारखान्याचं इथेनॉल आमच्याच फियाटचा पंप खातं, आहे की नाही.

सामानाचं म्हणाल तर मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर सुखाचं होतं. शेवटची काळी-पिवळी ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली होती, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ला तीही गेली. मी किंगपिनचे (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिनांचे) सेट, ब्रेकच्या रबरी वाट्या वगैरे कुर्ल्यातून आणि पुण्याच्या नाना पेठेतून आणले. जे मिळालं नाही ते उद्यमनगरात करून घेतलं. तिथं तुम्ही मोडका तुकडा दाखवला की लेथवाला विचारत नाही हे काय आहे, विचारतो किती पाहिजेत. ५.२०-१४चे टायर शोधायला मात्र जीव गेला.

खर्च. मी वही ठेवली होती. पत्रा आणि वेल्डिंग ९५ हजार, रंग ६० हजार, इंजिन दुसऱ्यांदा ५२ हजार, क्रोमचं काम, सीट, काचांची रबरं, वायरिंग मिळून पुढचं. सव्वातीन लाखांपर्यंत हिशेब सापडतो. त्यानंतरची पानं मीच फाडली, कारण वही बायकोच्या हाताला लागायची शक्यता होती. आणि हे भाव तेव्हाचे. आज किती, हे तुमच्या पेचकसावर अवलंबून आहे.

आता दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या लिहितो. एक, तुमचा पत्रा खरंच ठणठणीत असेल, गाडी कोकणात नव्हे तर सोलापूर-नगरकडे छपराखाली उभी असेल, तर माझं सगळं वरचं बोलणं सोडा आणि खुशाल इंजिनपासून करा. दोन, कागद. वडील हयात असतील तर आजच पासिंगचं बघा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, वर पर्यावरण कर. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलाय तो पत्रा कुजला असला तरी डेंटरला हात लावू देऊ नका, आरटीओत पेन्सिलने छाप घेतात तो त्याचाच. व्हिंटेजच्या नोंदणीचा विचार करू नका, त्याला ५० वर्षं पुरी लागतात आणि तसल्या गाडीवर रोज कामाला जाता येत नाही.

वडील नसतील तर मात्र फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांची संमती लागते. हे मी सगळ्यात शेवटी केलं. रंग होऊन आठ दिवस झाले होते, २०१९चा मे. दादाला बोलावलं. तो आला, पेटीवर बोटाने टिचकी मारली. ठण्ण. काही बोलला नाही. आत बसला, गिअर वर-खाली करून बघितला, चोक ओढला, गाडी सुरू केली आणि बॉनेटवर कान टेकवून उभा राहिला. मग स्टँप पेपर तिथंच बॉनेटवर ठेवून सही केली.

कागद उचलला तर खाली अजून कच्च्या असलेल्या रंगात त्याची सही उमटलेली. पूर्ण नाव, आडनावासकट. मी म्हणतो मुद्दाम दाबून केली, तो म्हणतो पेन नीट चालत नव्हतं. चाचाने बघून सांगितलं पॉलिशमध्ये निघून जाईल. पॉलिश अजून करायचं राहिलंय.