दिवाळीच्या वाटपापलीकडे जाऊन गरीब कुटुंबाला खरोखर स्थिर करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की इंदूरमधल्या तुमच्या कॉलनीतली काही निवृत्त मंडळी दर दिवाळीला शेजारच्या वस्तीत धान्य आणि कपडे वाटतात, आणि आता तुम्हाला संस्था काढून टिकाऊ काम करायचं आहे. शिकवणीवर्गापासून सुरुवात करावी की शिलाई मशीनपासून, आणि नोंदणी कधी करावी, हा तुमचा प्रश्न. मी इंदूरच्याच एका छोट्या संस्थेत बरीच वर्षं वस्तीचं काम करते. शिकवणी किंवा मशीन, यातलं काहीही आत्ता सुरू करू नका. पाच कुटुंबं निवडा आणि दोन वर्षं त्यांची साथ सोडू नका.

वस्तीतल्या एखाद्या घराचा वर्षभराचा हिशेब त्या घरच्या बाईबरोबर बसून मांडा. पैसा कमी असतोच, पण जास्त त्रास होतो तो बेभरवशाच्या पैशाचा. बाई तीन घरची धुणीभांडी करते, तिचा पगार ठरलेला. नवरा सकाळी मजूर चौकात जाऊन उभा राहतो. बांधकामं जोरात असली की रोज काम, आषाढ-श्रावणात आठवड्याला दोन दिवस मिळाले तरी खूप. त्यात कुणाला टायफॉइड झाला की सावकार. शेकडा दहा दरमहा हा दर ऐकून वस्तीत कुणी चमकत नाही, म्हणजे वर्षाला १२० टक्के. दहा हजारांवर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज जातं आणि मुद्दल तिथेच राहतं. अशा घरात मशीन दिलंत, तर पुढच्या आजारपणात सगळ्यात आधी तेच गहाण पडतं.

इंदूरकरांना हे उमजायला जड जाऊ नये. हुकुमचंद मिल ही इथली कापड गिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. पाच हजारांहून जास्त कामगारांची देणी अडकली, आणि ती सुमारे २२४ कोटींची रक्कम मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते. पक्क्या नोकरीचं घरही एका धक्क्यात कुठल्या कुठे जातं, तर मजूर चौकातल्या माणसाचं काय? म्हणून पहिलं काम म्हणजे धक्का बसेल तेव्हा घर तगून राहील एवढी तजवीज करणं.

ती तजवीज कागदांपासून सुरू होते. ऐकायला नीरस वाटेल, पण माझा सर्वात जास्त वेळ यातच जातो आणि सर्वात जास्त फळही यातूनच मिळतं. आपल्या मध्यप्रदेशात सगळं समग्र आयडीवर, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीतल्या क्रमांकावर अडतं. कुटुंबाचा आठ अंकी, प्रत्येक माणसाचा नऊ अंकी. त्यात नाव नसेल, ई-केवायसी झालेलं नसेल किंवा बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर योजना कितीही चांगली असो, पैसा घरात येत नाही. २०२३ मध्ये लाडली बहना योजना महिना १,००० रुपयांनी सुरू झाली तेव्हा हे लख्ख दिसलं. ज्या बायकांचे कागद जुळत होते त्यांच्या खात्यात पैसे आले. तितक्याच गरजू, पण कागदात चूक असलेल्या बायका सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानांच्या चकरा मारत राहिल्या.

इथे तुम्ही मराठी मंडळी फार उपयोगी पडाल. खानदेशातून, बुलढाण्याकडून आलेली बरीच कुटुंबं इंदूरच्या वस्त्यांमध्ये आहेत. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि समग्रमध्ये तिसरंच काहीतरी. दुकानातल्या मुलाला मराठी दाखला वाचता येत नाही, तो अर्ज परत करतो. तुम्ही तो वाचून शपथपत्राचा मसुदा करून द्याल, आधार केंद्रावर बरोबर जाल, तर तिचं अडलेलं काम पुढे सरकेल. जातीच्या दाखल्याचंही आधीच समजावून सांगा. इथे अनुसूचित जाती-जमातींना १९५० पासूनच्या आणि इतर मागासवर्गीयांना १९८४ पासूनच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. नंतर आलेल्यांचा महाराष्ट्रातला दाखला राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. मूल बारावीला गेल्यावर हे कळलं तर फार जिव्हारी लागतं.

कागद जुळले की संरक्षण. आयुष्मान कार्ड, म्हणजे कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्यात भरती होऊन घ्यायचा उपचार. असंघटित कामगारांसाठी राज्याची संबल योजना: नोंदणी झालेला माणूस गेला तर घराला दोन लाख, अपघातात गेला तर चार लाख. नोंदणी तो जिवंत असताना झालेली हवी, आणि हीच गोष्ट लोक टाळतात. शिवाय बँकेतून वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन विमा आणि २० रुपयांचा अपघात विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. हे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मे महिन्याच्या शेवटी तेवढी शिल्लक ठेवायची आठवण तुमच्यापैकी कुणीतरी करून द्यायला हवी.

कर्जाबद्दल बोलायला लोक लाजतात. महिना-दोन महिने ये-जा झाल्याशिवाय कुणी खरा आकडा सांगणार नाही, आणि तुम्हीही तो पहिल्याच भेटीत विचारू नका. कळला की सावकार, समूहातून घेतलेल्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता, बीसी (भिशी), किराणा दुकानाची उधारी, सगळं एका कागदावर मांडा आणि सगळ्यात महाग व्याजाचं कर्ज आधी फेडायला मदत करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मकर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. हे कर्जदार बायकांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. समजलं की पुढचं कर्ज घेताना त्या स्वतःच हिशेब करतात. बाईचं खातं मात्र तिच्या एकटीच्या नावाचं असू द्या, विशेषतः घरात दारू असेल तर.

मुलांच्या शाळेबाबत माझं मत काहींना पटत नाही, तरी सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून खाजगी शाळेत प्रवेश मिळाला की सगळे पेढे वाटतात. पण फीमाफी आठवीपर्यंतच असते. नववीत पूर्ण फी दारात येऊन उभी राहते, आणि नेमकं तेव्हाच मूल शाळेतून निघतं. आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, जिच्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. खाजगी शाळेतलं मूल तिला बसूच शकत नाही. खाजगी शाळा घेऊ नका असं मी म्हणत नाही. नववीचा विचार पहिलीतच करा. शिकवणी घ्यायचीच असेल, तर सरकारी शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना या परीक्षेची तयारी करून द्या. निवृत्त शिक्षक तुमच्यात असणारच.

नोकरीचं तसंच. सांवेर रोडच्या एखाद्या कारखान्यात ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापून पगार मिळत असेल आणि दुसरीकडे हजार-दीड हजार जास्त रोख मिळत असतील, तर घरचे रोखीकडे झुकतात. त्यांच्या जागी मीही कदाचित झुकले असते. पण २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या खिशातून ईएसआयला जातात फक्त ०.७५ टक्के, त्यात सगळ्या कुटुंबाचा उपचार होतो, आजारपणाच्या रजेत साधारण ७० टक्के वेतन मिळतं, आणि रुग्णालय नंदानगरात आहे. हे एकदा पाटीवर मांडून दाखवलं की तरुण मुलं पटकन समजतात. शिलाई मशीनची वेळ येते ती यानंतर, जेव्हा महाग कर्ज फिटलेलं असतं आणि बाई स्वतः म्हणते की तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याशी माझं बोलणं झालंय.

हे सगळं एका घरासाठी एकाच माणसानं करावं. माणसं बदलत राहिली तर घरच्या बाईला तीच दुखणी प्रत्येक वेळी नव्यानं सांगावी लागतात. कामाचे फोटो काढू नका. तिच्या मुलांच्या वर्गातली मुलं ते बघतात.

नोंदणीची घाई नको. १९७३ च्या मध्यप्रदेश सोसायटी कायद्याखाली सात सदस्य लागतात, तेवढे तुम्ही सहज जमवाल. पण नोंदणी झाली की ऑडिट, वार्षिक विवरणं, बैठकांचे ठराव सुरू होतात, आणि पहिल्या वर्षी तो वेळ वस्तीत द्यायला हवा. सुरुवातीचा खर्च ऑटोचं भाडं, झेरॉक्स आणि शपथपत्रं एवढाच आहे, तो आपसांत काढा. बाहेरून देणग्या घ्यायची वेळ आली की नोंदणी करा आणि मग ८०जीच्या, म्हणजे देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या मान्यतेच्या, मागे लागा. पाच कुटुंबं कोणती घ्यायची हे तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना विचारा. सातवी-आठवीतलं मूल आणि एक तरी ठरलेला पगार असलेली घरं आधी घ्या. कुणाकडे काय चाललंय हे या ताईंना नेमकं माहीत असतं.