११२ या आपत्कालीन नंबरवर खोटा फोन केला तर खरंच जेल होते का?

होऊ शकते. ‘सोसायटीत मारामारी चालू आहे’ असं खोटंच सांगून पोलिसांची गाडी बोलावली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ लागतं: १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ आधी हेच भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम १८२ होतं. तेव्हा ६ महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गुन्हा अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र आहे. संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार दिल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही, म्हणून बरेच जण ‘काही होत नाही’ म्हणत फिरतात. पण निनावी फोनवर बॉम्बची धमकी दिली की धमकावण्याचं कलम ३५१ येतं. धमकीच्या शिक्षेशिवाय नाव लपवल्याबद्दल २ वर्षांपर्यंत वेगळी कैद.

माहिती खोटी आहे हे तुम्हाला माहीत असणं महत्त्वाचं. धूर बघून आग समजून फोन केला आणि निघाली शेकोटी, तर गुन्हा नाही.

पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं गेलं की अनेक फोनवरून ११२ लागतो. घाबरून कट करू नका. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं सांगा, नाहीतर तिकडून उलट फोन येतच राहतो.