वाळूची बातमी कोणत्या पानावर?

प्रश्न : आमचे गाव एरंडोल तालुक्यात गिरणेच्या काठी आहे. पात्रातली वाळू उपसली गेल्यापासून, पूर्वी चैत्रापर्यंत पाणी देणाऱ्या काठच्या विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवू लागल्या आहेत. वर्तमानपत्रांत मात्र ५ जूनच्या पर्यावरण दिनी रोपे लावणाऱ्या पुढाऱ्यांची छायाचित्रे येतात आणि एरवी डंपर पकडल्याची बातमी. पर्यावरणाच्या प्रश्नांची माहिती लोकांना देणे वर्तमानपत्रांवर बंधनकारक नाही काय?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : कायद्याचे तसे बंधन नाही. राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने निसर्गाचे रक्षण हे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे, पण ते सगळ्याच नागरिकांचे. वर्तमानपत्राला त्यात वेगळी जबाबदारी दिलेली नाही. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत पर्यावरणाविषयीच्या स्लाइड दाखवाव्यात आणि आकाशवाणी-दूरदर्शनने रोज थोडा वेळ या विषयाला द्यावा, असे सांगितले होते. छापील माध्यमांवर सरकारने अशी सक्ती करू नये, असेच माझे मत आहे, कारण काय छापावे हे सरकार ठरवू लागले तर सर्वांत आधी वाळूचीच बातमी गळेल.

तेव्हा प्रश्न उरतो तो धंद्याच्या इमानाचा, आणि तिथे आपली तक्रार मला मान्य आहे. जळगावात एका दैनिकात उपसंपादक म्हणून मी बरीच वर्षे काढली. वाळूची बातमी आमच्याकडे पोलीस ठाण्यांची वार्ता आणणाऱ्या बातमीदाराकडून येई : तलाठ्याच्या फिर्यादीवरून गुन्हा, एक डंपर, तीन ब्रास वाळू, चालक अंधाराचा फायदा घेऊन पसार. चार ओळींचा तो मजकूर मी स्वतः कित्येकदा मोटारसायकल चोरी आणि जुगाराच्या अड्ड्याच्या मधोमध लावला आहे. बातमीत वाळू ब्रासमध्ये मोजलेली असे, पण शेजारच्या विहिरीचे पाणी किती फुटांवर गेले हे मोजायला आम्ही कोणालाही पाठवले नाही. वाळूचोरी हा गुन्हा आहेच, पण गुन्ह्याची बातमी डंपर सुटला की संपते आणि पाण्याची खरी बातमी तिथून पुढे सुरू होते.

पात्रातली वाळू पुराचे पाणी धरून ठेवते आणि पावसाळा सरल्यावर ते हळूहळू काठच्या थरांना देत राहते. उपशाने पात्र खोल गेले की हा क्रम उलटतो आणि काठच्या जमिनीत मुरलेले पाणीच नदीकडे झिरपून निघून जाते. शेतातली मोटार काही काळ आणखी खाली सोडता येते, पण पात्रातल्या ज्या विहिरीवर गावाची नळयोजना चालते, ती विहीर उघडी पडली की टँकर मागवावा लागतो. त्या टँकरची बातमी मे महिन्यात ‘भीषण पाणीटंचाई’ या मथळ्याखाली येते, जणू टंचाई आभाळातून पडली असावी. (भुसावळच्या पाऱ्याचेही तेच, आकडा पहिल्या पानावर चौकटीत आणि खाली उसाच्या रसाच्या गाड्यावरच्या गर्दीचे छायाचित्र.)

हे सगळे जोडून सांगायला फार मोठी यंत्रणा लागते असे नाही. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते आणि मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. त्या नोंदींशेजारी वाळूगटांच्या, म्हणजे उपशासाठी ठरवून दिलेल्या पात्रातल्या पट्ट्यांच्या, लिलावांची यादी ठेवली, तर कुठे विचारपूस करायची ते बातमीदाराला लगेच कळते. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वाळू उत्खननाआधी, कुठून किती वाळू काढता येईल हे सांगणारा जिल्हा सर्वेक्षण अहवाल तयार करावा लागतो आणि त्याचा मसुदा २१ दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. ते २१ दिवस सुरू झाले ही खरी पहिल्या पानाची बातमी आहे. मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीची सूचना एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात छापणे २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सक्तीचे आहे. ती आम्ही जाहिरात म्हणून छापतो, तिचे पैसे घेतो, आणि त्याच अंकात त्यावर बातमी करायचे मात्र विसरतो.

भाषेचाही प्रश्न आहेच. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नव्या नियमांचा मसुदा केवळ इंग्रजी आणि हिंदीत निघाला होता, तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्या अनुसूचीत अहिराणी आणि पावरी या आमच्याकडच्या बोली नाहीत, म्हणजे सातपुड्यातल्या पाड्यावर न्यायालयाचा हा आदेशही पोहोचत नाही. तिथे अशा नियमांचा अर्थ नेऊन पोहोचवायचा तर स्थानिक बातमीदार आणि आकाशवाणीशिवाय कोण आहे?

प्रश्न : मी धुळ्यात पत्रकारितेचे शिक्षण घेत आहे. प्रदूषणासारख्या तांत्रिक विषयात तज्ज्ञ नसलेल्या जिल्हा बातमीदाराने दोन्ही बाजू मांडून थांबावे, असे आम्हाला शिकवले जाते. हे योग्य आहे का?

उत्तर : गावकरी पाणी दूषित असल्याचे सांगतात आणि कारखाना ते स्वच्छ असल्याचे सांगतो, एवढे छापून थांबणे सोपे आहे, पण त्यातून गावाने ते पाणी प्यावे की नाही हे कळत नाही. उदाहरणार्थ, पिण्याच्या पाण्यात नायट्रेट (खतांतून आणि सांडपाण्यातून उतरणारा क्षार) लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे भारतीय मानक आहे. नमुना प्रयोगशाळेत देऊन आलेला आकडा छापला की वाचकाला दोन विधानांत निवड करत बसावे लागत नाही.

तज्ज्ञतेविषयी भोपाळचे उदाहरण पाहा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या अखेरीस वायुगळतीने एक कामगार दगावला, तेव्हा राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने चौकशी सुरू केली. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. कामगारांशी बोलून आणि कारखान्याचा अंतर्गत सुरक्षा अहवाल मिळवून त्यांनी १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात धोक्याचा इशारा दिला आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’ या हिंदी दैनिकात पुन्हा लिहिले. २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला. बातमी दोन वर्षांपूर्वीच छापून आली होती, पण तिचा पाठपुरावा इतर कोणी केला नाही, आणि मला त्या प्रकरणात हेच सर्वांत बोचते.

जाता जाता, एरंडोलच्या वाचकांना एक विनंती. दर महिन्याच्या एकाच तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीतले पाणी किती फुटांवर आहे ते मोजावे, वहीत लिहावे आणि जानेवारीपासून मेपर्यंतच्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. आपल्या शेजारच्या दोन-तीन विहिरींच्या नोंदीही मिळाल्या तर त्या भूजल यंत्रणेच्या आकड्यांशेजारी ठेवून जूनच्या अंकात छापू. रोपांच्या छायाचित्रांची जागा यंदा त्यांना देता येईल.