अंडं घालणारी, दूध पाजणारी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी सातवीला आहे. तिच्या वहीत लिहिलंय की सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात आणि पक्षी अंडी घालतात. परवा टीव्हीवर एकिडना नावाचा काटेवाला प्राणी दाखवला. तो अंडी घालतो, तरी सस्तन आहे म्हणे. पोरगी तेव्हापासून मागं लागली आहे. अंडी घालतो तर सस्तन कसा? दिसायला साळिंदरासारखा आहे, मग त्याच्याच कुळातला का? आणि आपल्या चांदोलीच्या जंगलात तो सापडेल का?
– एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : पलूस तालुक्यात दारात जनावर नाही असं घर विरळा, तेव्हा गोठ्यातूनच सुरुवात करतो. लेकीला सांगा, तुमची म्हैस सस्तन ठरते ती कासेमुळं, गर्भाशयामुळं नाही. अंगावर केस आणि पिल्लासाठी दूध, या दोन खुणा असल्या की सस्तन. पिल्लू पोटात वाढतं की अंड्यात, हा त्यानंतरचा प्रश्न. वहीतलं वाक्य जवळजवळ सगळ्या सस्तनांना लागू आहे. पाच जाती तेवढ्या त्यातून सुटतात : एक प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा, पाण्यात वावरणारा ऑस्ट्रेलियातला प्राणी) आणि चार एकिडना.

आखूड चोचीच्या एकिडनाची मादी समागमानंतर साधारण तीन आठवड्यांनी एकच अंडं घालते. द्राक्षाच्या मण्याएवढं, मऊ चामडी कवचाचं. ते ती जमिनीवर ठेवत नाही. विणीच्या काळात तिच्या पोटावर कातडीची घडी पडून पिशवी तयार होते, अंडं थेट तिथं जातं. दहा दिवसांत पिल्लू कवच फोडून बाहेर येतं. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, डोळे मिटलेले, अंगावर केस नाही. पण पुढचे पाय मजबूत, कारण त्यांनीच आईची लव धरून त्याला दुधापर्यंत पोचायचं असतं.

आणि इथं खरी गंमत आहे. एकिडनाला सड नसतात! पिशवीच्या आत दोन जागी कातडीवर शंभरावर बारीक छिद्रं असतात, त्यातून दूध पाझरतं आणि पिल्लू ते तिथूनच ओढून घेतं. मी जन्मभर जनावरांच्या कासा तपासल्या. दूध उघड्यावर आलं की जंतू लागतात आणि काससुजी होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग सडाविना दूध पाजणाऱ्या आईचं काय? निसर्गानं त्याची सोय दुधातच केलेली आहे. प्लॅटिपसच्या दुधात जंतू मारणारं एक प्रथिन असतं, दुसऱ्या कुठल्याच गटात न आढळणारं. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याची घडीही आधी कधी न पाहिलेली निघाली. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झालेत, अशा दिवसांत या दुधाचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो.

साधारण पन्नास दिवसांनी पिल्लाला काटे फुटू लागतात, मग आई त्याला पिशवीतून काढून बिळात ठेवते. स्वतः चरायला जाते आणि पाच-सहा दिवसांनी एकदा येऊन पाजते. वासराला आपण दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध सांगतो. हे पिल्लू एका बैठकीत पाचव्या हिश्शाइतकं पितं, कधी त्याहूनही जास्त. सहा-सात महिन्यांनी दूध तुटतं.

आता लेकीच्या प्रश्नाचं मूळ. अंडी घालणं ही जुनी रीत. आपल्या सगळ्या सस्तनांचे पूर्वज अंडीच घालत होते. या पाच जातींची शाखा अठरा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे डायनोसॉरांच्या काळात, बाकीच्यांपासून वेगळी झाली. दूध मात्र दोन्ही शाखांत आहे, म्हणजे ते फुटीच्या आधीपासूनचं. थोडक्यात, दूध आधी आलं, पोटात पिल्लू वाढवणं नंतर. काही अभ्यासकांचं मत असं, की मऊ कवचाची अंडी सुकू नयेत म्हणून कातडीतून जो ओलावा पाझरे, त्याचंच पुढं दूध झालं. मला हे पटतं.

एकिडनाचं अंगही जुन्या बेताचं. गाईचा ताप आपण पाहतो तेव्हा 101 ते 102 फॅरनहाइट नेहमीचं धरतो. एकिडनाचं तापमान 90 च्या आसपास असतं. थंड भागातल्या एकिडना हिवाळी झोपेत जातात, तेव्हा अंग पार 5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतं. त्यांना घाम येत नाही, धापाही टाकता येत नाहीत. उन्हाळ्यात त्या नाकातून शेंबडाचे बुडबुडे काढतात, ते चोचीच्या टोकावर फुटून ओल धरतात आणि खालचं रक्त थंड होतं.

आखूड चोचीची जात बर्फाळ डोंगरांपासून वाळवंटापर्यंत साऱ्या ऑस्ट्रेलियात, टास्मानियात आणि न्यू गिनीच्या काही भागात आहे. मुंग्या आणि वाळवी मिळाली की झालं. दात नाहीत, वीतभर चिकट जीभ आहे. लांब चोचीच्या तीन जाती फक्त न्यू गिनीत, त्या गांडुळांवर जगतात. त्यातल्या एका जातीचा 1961 साली मिळालेला एकच नमुना संग्रहालयात होता. 2023 मध्ये सायक्लॉप्स डोंगरात लावलेल्या कॅमेऱ्यात ती जिवंत दिसली, ती बातमी वाचून मी खरंच हरखलो होतो.

साळिंदराशी नातं नाही. साळिंदर उंदरा-घुशींच्या गटातलं, कुरतडणारं, पिल्लांना जन्म देणारं. काटे दोघांचेही म्हणजे जाड झालेले केसच, पण ते दोघांनी वेगवेगळे मिळवले. आणि चांदोलीत एकिडना सापडणार नाही.

लेकीला ही हकिकतही सांगा. 1884 पर्यंत युरोपातले विद्वान हे प्राणी अंडी घालतात की नाही यावरच भांडत होते. त्या वर्षी क्वीन्सलंडमध्ये विल्यम कॉल्डवेल यांनी तिथल्या आदिवासींना कामाला लावून हे प्राणी गोळा केले, आणि अंड्यांची खात्री पटल्यावर तार केली. ती 2 सप्टेंबरला मॉन्ट्रियलच्या परिषदेत वाचली गेली. त्याच दिवशी ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाके यांनी एकिडनाच्या पिशवीत सापडलेलं अंडं सभेपुढं ठेवलं. श्रेय दोघा साहेबांना मिळालं. जनावरं कुठं सापडतात हे जाणणाऱ्या, ती शोधून आणणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : खवले मांजराच्या अंगावर सापासारखे खवले असतात. तेही अंडी घालतं का? आमच्या माळावर एक दिसलं होतं.
– एक वाचक, ता. जत, जि. सांगली

उत्तर : नाही. मादी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते, सडांनी पाजते आणि फिरताना त्याला शेपटीवर बसवून नेते. खवले नखांच्याच द्रव्याचे असतात. त्यात औषध नाही, तरी त्यांच्यापायी हा प्राणी मारला जातो. कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. पुन्हा दिसलं तर गर्दी जमू देऊ नका, फोटो पसरवू नका, कारण जागा कळली की शिकारी येतात. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.