आयटीआय फिटर झालोय, चाकणमधल्या कंपनीत 'ट्रेनी' घेतायत. ही अप्रेंटिसशिप धरतात का?

नुसतं 'ट्रेनी' म्हटल्याने धरत नाहीत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार होऊन तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला हवा. पहिल्याच आठवड्यात एचआरकडे कराराचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी नसेल तर वर्षभर राबूनही अखिल भारतीय परीक्षेला बसता येत नाही, आणि त्याशिवाय एनएसी (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र) मिळत नाही. रेल्वेच्या भरतीत ते प्रमाणपत्र खरंच उपयोगी पडतं.

पोर्टलवरचा अर्ज बहुतेक अडतो तो नावापायी: आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, जन्मतारीख जुळत नाही. ते आधीच दुरुस्त करा. बँक खातंही आधारशी जोडून ठेवा. तीस किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोचू नका.