रंग तोच, तरी ठिगळ का दिसतं?

प्रश्न : माझी गाडी लाल आहे. फेंडर घासलं गेलं म्हणून पुटी भरली, हाताशी होता तो काळपट राखाडी प्रायमर मारला आणि दाराच्या खाचेतल्या स्टिकरवरचा कोड देऊन रंग बनवून आणला. पाच कोट झाले तरी तेवढा पट्टा मातकट दिसतोय, उन्हात तर फारच. रंग बनवणारा म्हणतो मिक्सिंग बरोबर आहे. मग चुकलं कुठे?

उत्तर : मिक्सिंग बरोबरच असणार, उगाच त्याच्याशी भांडू नका. घोटाळा खालच्या कोटात आहे. लाल, पिवळा, केशरी या रंगांची झाकायची ताकद मुळात कमी असते. पूर्वी त्यात शिशाचे पिगमेंट (रंग देणारी भुकटी) असायचे, ते खालचं सगळं दाबून टाकायचे, पण विषारी म्हणून ते गेले आणि त्यांच्या जागी आलेले पिगमेंट दिसायला झकास असले तरी बरेचसे पारदर्शक असतात. त्यात बेस कोटची, म्हणजे क्लिअरखालच्या खऱ्या रंगाच्या थराची, जाडी असते किती, तर साधारण 15 ते 20 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही खूप पातळ. प्रकाश रंगातून आरपार खाली जातो, प्रायमरवर आपटतो आणि परत वर येतो, तो प्रायमर काळपट असला की बराचसा प्रकाश तिथेच गिळला जातो आणि आपल्याला लाल मळका दिसतो. पातळ पांढऱ्या सदऱ्याखाली गडद बनियन घातल्यावर जे होतं तेच.

आता लगेच पांढरा प्रायमर आणायला धावू नका, कारण पांढऱ्यावर तोच लाल गुलाबी-केशरीकडे सरकतो आणि झाकायला पुन्हा तेवढेच कोट खातो. खालचा कोट लालच हवा असंही नाही. जुळवायचा असतो तो उजेड-काळोख, म्हणजे तुमचा लाल जेवढा गडद तेवढाच गडद राखाडी. म्हणूनच मोठ्या रंग कंपन्यांकडे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या असतात, अॅक्साल्टा या रंग कंपनीच्या व्हॅल्यूशेड मालिकेत अशा 7 आहेत. तुमच्या रंगाला कुठली पायरी हे बऱ्याचदा मिक्सिंगच्या फॉर्म्युलातच लिहिलेलं असतं पण कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही, तेव्हा कोड देतानाच विचारा की बाबा खाली कुठला शेड मारू. काही झगझगीत लाल-पिवळ्यांना तर वेगळा रंगीत ग्राउंड कोटच (मुख्य रंगाखालचा थर) दिलेला असतो, तिथे राखाडीने भागत नाही.

फॉर्म्युला मिळालाच नाही तर एक सोपी युक्ती. गाडीचा धुतलेला चांगला पॅनल आणि प्रायमर मारलेला तुकडा शेजारी ठेवून एकाच फ्रेममध्ये फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही सारखे राखाडी दिसले की जवळपास जमलं. प्रायमर गडद वाटला तर त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा पांढरा त्यात मिसळा, हार्डनर (प्रायमर कडक करणारं रसायन) टाकायच्या आधी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रायमर मात्र एकत्र करू नका.

आणि सहावा कोट तर मुळीच मारू नका! जाड बेस कोटमध्ये थिनर अडकून बसतो, वरून क्लिअर, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर, मारला की आज छान दिसतं आणि पुढे चमक मरते, कडा सुटतात. आहे तो रंग पूर्ण वाळू द्या, 600 नंबरच्या सँडपेपरने घासून बराचसा काढून टाका, जुळवलेल्या राखाडीचा एक सारखा कोट द्या आणि मग रंग. गाडीवर जाण्याआधी काळे-पांढरे चौकोन असलेल्या टेस्ट कार्डावर मारून बघा, प्रत्येक कोट वाळल्यावर बघायचं, चौकोन दिसेनासे झाले तेवढे कोट तुमच्या रंगाला लागतात. हे सगळं दिवसाउजेडी करा, ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

प्रश्न : गाडीच्या कंपनीने रंगाखाली कुठला प्रायमर मारलाय हे कसं कळणार?

उत्तर : गाडीच सांगते. दगडाचा टवका उडालेल्या जागी 400 च्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासत बाहेर जा, झाडाच्या खोडासारखी वलयं उमटतात : सगळ्यात बाहेर क्लिअर, त्याच्या आत रंग, मग सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर), मग गंज रोखणारा इ-कोट, तो बऱ्याचदा राखाडी किंवा काळा, आणि मधोमध उघडा पत्रा. तुम्हाला बघायचंय ते रंगाच्या लगेच खालचं वलय. बॉनेटच्या आतल्या बाजूला, डिकीच्या कोपऱ्यात रंग बऱ्याचदा पातळ मारलेला असतो, तिथेही अंदाज येतो.

पण या वलयांचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. घासलेल्या जागी आता एकाच हातभर पट्ट्यात चार-पाच वेगवेगळे शेड झाले, त्यात पुटीचा वेगळाच, आणि यावर थेट रंग मारला की प्रत्येक वलय वर उमटतं, समोरून दिसत नाही पण तिरक्या उन्हात बरोबर दिसतं. म्हणून पूर्ण घासलेल्या भागावर एकच शेड जायला हवा, वलयांच्या थोडा पुढेपर्यंत. मग रंग त्याच्याही पुढे नेऊन जुन्या रंगात ब्लेंड करायचा, म्हणजे कडा दिसू न देता मिसळायचा, आणि क्लिअर पूर्ण पॅनलवर. घाईत प्रायमर फक्त पुटीपुरता मारतात, तिथेच काम फसतं.

प्रश्न : मोत्यासारख्या पांढऱ्या गाडीला टच-अप करायचंय. साधा पांढरा खाली चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. पर्ल व्हाइट बऱ्याचदा तीन थरांचा असतो : खाली पांढरा ग्राउंड कोट, मध्ये पर्लचा जवळजवळ पारदर्शक कोट, वर क्लिअर. त्या पांढऱ्याला स्वतःचा फॉर्म्युला असतो, थोडा पिवळट किंवा निळसर, आणि तोच आरपार दिसतो. मधल्या कोटांची संख्या बदलली तरी शेड बदलतो, म्हणून एका लांब कार्डावर पूर्ण ग्राउंड मारून वर पर्लचे एक, दोन, तीन, चार कोट असे पट्टे पाडा, क्लिअर मारून वाळवा आणि गाडीला लावून बघा कुठला पट्टा जुळतो. अर्धा दिवस जातो, पण याला पर्याय नाही, डोळ्यांच्या अंदाजावर तर अजिबात जाऊ नका.

प्रश्न : शोरूममधून आणल्यापासून बंपर आणि बॉडीचा रंग थोडा वेगळा वाटतो. दुरुस्तीत कुठल्याशी जुळवू?

उत्तर : तुमच्या डोळ्यांना बरोबर दिसतंय. बंपर प्लॅस्टिकचा, त्याचा प्रायमर वेगळा, रंगही बऱ्याचदा वेगळ्या ठिकाणी आणि कमी तापमानाला भाजलेला. बंपरचं काम असेल तर जुन्या बंपरशीच जुळवा, फेंडरचं असेल तर शेजारच्या दाराशी. नव्या उघड्या प्लॅस्टिकवर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर, नाहीतर रंग सोलून निघतो.

प्रश्न : टाचणीच्या डोक्याएवढा टवका, त्यालाही प्रायमर?

उत्तर : चमकणारा पत्रा दिसत असेल तर हो, काडीच्या टोकाने एक ठिपका. राखाडी थर शाबूत असेल तर सरळ रंग. पिवळ्या गाडीला मात्र ठिपका फिका असू द्या, नाहीतर हिरवट डाग दिसेल. एवढ्या कामाला हार्डनरवाला टू-के प्रायमर नकोच, आणि मोठ्या कामाला तो वापरलात तर साध्या कापडी मास्कवर राहू नका, हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं बाधतं, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो नसेल तर ते काम पेंट बूथवाल्याकडे द्या.